घर खरेदी : काही शंका व समाधान

करवीर तालुक्यातील गावठाणात घर घेताना पुष्कळदा इसाराच्या कागदावरच समाधान मानले जाते व पुढे तंटा उपस्थित होतो. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

प्रश्न : साठेखताने मालकी मिळते काय?
उत्तर : नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे साठेखत हा केवळ विक्रीचा करार होय. १०० रुपये वा अधिक किमतीच्या घराची मालकी नोंदलेल्या खरेदीखतानेच मिळते.

प्रश्न : नोंदणीस मुदत किती?
उत्तर : सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत खरेदीखत दुय्यम निबंधकापुढे सादर करावे.

प्रश्न : ग्रामपंचायतीचा नमुना ८ पुरेसा आहे काय?
उत्तर : नाही. तो कर आकारणीचा उतारा होय. मिळकत पत्रिका असल्यास ती, तसेच मागील खरेदीखते व बोजा पाहावा.

प्रश्न : वडिलांच्या पश्चात भावाने एकट्याने घर विकल्यास?
उत्तर : १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीही वारस आहेत. बहिणींच्या सह्या नसल्यास त्यांचा हिस्सा खरेदीदारास मिळत नाही.

खरेदीनंतर मिळकत पत्रिकेवर व ग्रामपंचायतीत नाव लावून घ्यावे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ही माहिती इसार देण्यापूर्वीच ग्रामस्थांस समजावून द्यावी.