'हा देह माझा' ही जाणीव आणि तिचा आजार



नाशिकमधील माझा एक माजी विद्यार्थी एकदा मला म्हणाला, "सर, हा हात मी उचलत नाही. कोणी तरी मला तो उचलायला लावतो." घरच्यांनी आधी देवऋषी गाठला; अंगारे-धुपारे झाले. गुण आला नाही, तेव्हा एका शेजाऱ्याने सुचविले की, त्याला इगतपुरीला विपश्यना शिबिरास पाठवा. दोन्ही सल्ल्यांत चूक एकच होती. ती आजच्या पाठात समजून घेऊ.

१. ही जाणीव कशी घडते?

'हा हात माझा' हे आपल्याला इतके उघड वाटते की, त्याचा विचारही मनात येत नाही. वास्तविक डोळे, त्वचा, सांधे आणि स्नायू यांच्याकडून आलेले संदेश जुळवून मेंदू ही जाणीव क्षणोक्षणी घडवीत असतो. १९९८ साली बॉटव्हिनिक आणि कोहेन या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. माणसाचा खरा हात आडोशाला ठेवला, समोर रबरी हात मांडला आणि दोन्हींवर एकाच वेळी कुंचला फिरविला. थोड्या वेळाने अनेकांना रबरी हातच आपला वाटू लागला!

२. ती कशी बिघडते?

स्वतःला गुदगुल्या करून पाहा. हसू येत नाही. हाताला हुकूम देतानाच मेंदू पुढच्या स्पर्शाचा अंदाज बांधतो व ती संवेदना सौम्य करतो. यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. २००० साली सारा-जेन ब्लेकमोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये काही मनोरुग्णांची पाहणी केली. ज्यांना भास होत, किंवा आपल्याकडून दुसराच कोणी हालचाल करवतो असे वाटे, त्यांना स्वतःचा स्पर्शही परक्याच्या स्पर्शाइतकाच तीव्र वाटला. अंदाज बांधण्याच्या या कामात बिघाड झाला की स्वतःची कृती परक्याची भासते, असे या संशोधकांचे म्हणणे आहे. स्किझोफ्रेनियाचा रोगी "कोणी तरी करवते" म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नाही. त्याला तसेच जाणवते. तेथे भूतही नसते आणि ढोंगही नसते.

३. अनात्म आणि आजार

कोणी विचारील, 'देह माझा नाही' हे तथागतांनीच सांगितले ना? होय, पण अनात्माची शिकवण आसक्ती सोडविण्यासाठी आहे. ती समजलेला माणूस शांत होतो, सावध होतो. रोगी मात्र भयाने थरथरतो. या दोन अवस्था एक मानणे म्हणजे धम्माची आणि रोग्याची, दोघांचीही हानी करणे होय. इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र १९७६ पासून आपल्याच जिल्ह्यात आहे. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिरास येऊ नये, असे तेथील नियमावलीच सांगते.

४. आपले कर्तव्य

भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ अन्वये रोग्याला साखळदंडाने बांधण्यासही मनाई आहे. असा रोगी घरात असेल तर त्याला जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका.

माझा विद्यार्थी अखेर डॉक्टरांकडे गेला, पण दीड वर्ष उशिरा. ते दीड वर्ष आपण वाचवू शकलो असतो.

चर्चेसाठी प्रश्न :
१) रबरी हाताच्या प्रयोगावरून काय समजते?
२) 'अंगात आले' असे कोणी म्हटले, तर आपण प्रथम काय करावे?