सामानाजवळ राहिलेल्यांचा वाटा

(पाठ : १ शमुवेल, अध्याय ३०)

कर्ली नदीच्या कांठीं माडा-पोफळींच्या सावलींत वसलेलें वालावल हें गांव लक्ष्मीनारायणाचें देऊळ व त्यालगतचा तलाव यांमुळें प्रसिद्ध आहे. कोंकणांतील इतर गांवांप्रमाणें ह्या भागांतूनही पिढ्यान्‌पिढ्या तरुण सैन्यांत भरती होत आले आहेत. तेथील एक निवृत्त हवालदार आपण क्षणभर डोळ्यांपुढें आणूं. हा मनुष्य आम्हीं कल्पिलेला आहे. परंतु त्याच्यासारखे दुसरे आपल्यापैकीं पुष्कळांच्या ओळखीचे असतील.

सेनेंत तो मालमोटार चालवीत असे. त्यानें शत्रूवर कधीं गोळी झाडली नाहीं. एके हिवाळ्यांत डोंगरी रस्त्यावर गाडी घसरून खोल गेली आणि त्याच्या कण्याला मार बसला. मेडिकल बोर्डानें त्याचें अपंगत्व ४० टक्के ठरविलें, आणि आतां दरमहा पेन्शनीबरोबर अपंगत्वाचाही पैसा येतो. बाजाराच्या दिवशीं कोणी थट्टेनें विचारतो, "रे, तुका खंय गोळी लागली?" तो हंसतो, पण त्या रात्रीं त्याला झोप येत नाहीं. त्याचें मन म्हणतें, 'ज्यांनीं प्राण दिले त्यांचा हा पैसा आहे. मीं तर केवळ तांदूळ आणि रॉकेल वाहिलें.' मग तो काठी घरीं ठेवून बाजारांत जातो, पाठ दुखत असतां दुखत नाहीं असें दाखवितो, अपंगत्वाचा सगळा पैसा दानपेटींत टाकून मोकळा होऊं पाहतो. नोव्हेंबर महिन्यांत द्यावयाचा हयातीचा दाखलाही तो यंदा देणार नाहीं, असें पत्नीला सांगतो. दाखला न गेला तर पेन्शन थांबेल. मग घरांतील औषधपाणी व मुलीचें शिक्षण कशावर चालावें?

ही टोचणी पापाची आहे काय? हाच आजच्या पाठाचा प्रश्न आहे.

१. ओहोळाजवळची गोष्ट

अमालेकी लोकांनीं सिकलाग जाळून बायकामुलें धरून नेलीं, तेव्हां दावीद ६०० माणसें घेऊन त्यांच्या पाठीस लागला. बसोर ओहोळापाशीं २०० जण इतके थकले कीं त्यांच्यानें पुढें जाववेना. ते सामानाजवळ राहिले. ४०० जणांनीं लढून सर्व कांहीं सोडवून आणलें. परततांना लढणाऱ्यांपैकीं कांहीं वाईट माणसें म्हणूं लागलीं कीं, मागें राहिलेल्यांस त्यांचीं बायकामुलें द्यावीं, लुटींतील वाटा देऊं नये.

येथें दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पहिली ही कीं, दाविदानें त्या थकलेल्यांजवळ येऊन आधीं त्यांचें क्षेमकुशल विचारलें. वाट्याचा वाद त्यानंतर निघाला. दुसरी ही कीं, त्यानें जो समान वाटा ठरविला तो मेहेरबानी म्हणून नव्हे, तर पुढें इस्राएलांत चालावयाचा नियम म्हणून. जय प्रभूनें दिला होता. म्हणून तो कोणा एकट्याच्या तलवारीचा नव्हता. त्या २०० जणांस 'तुम्ही स्वतःला पात्र समजतां काय?' असें कोणी विचारलें नाहीं. वाटा त्यांच्या मनाच्या तराजूवर ठेवलेला नव्हता.

२. पेन्शन कशाबद्दल मिळते?

आतां आपल्या देशाचा नियम पाहूं. १९६१ च्या लष्करी पेन्शन नियमांत अपंगत्वाच्या पेन्शनीसाठीं 'शत्रूशीं लढतांना' अशी अट घातलेली नाहीं. मुख्य प्रश्न दोन : अपंगत्व नोकरीमुळें आलें किंवा नोकरीनें वाढलें काय? आणि तें २० टक्के किंवा अधिक आहे काय? युद्धांत जखमी झालेल्यांसाठीं युद्धजखमेची पेन्शन निराळी आहे व ती अधिक मोठी आहे. साध्या अपंगत्वाचा भाग १०० टक्के अपंगत्वास शेवटल्या वेतनाच्या ३० टक्के धरिला जातो, व अपंगत्व कमी तसा तोही कमी होतो. तेव्हां आमच्या हवालदारानें कोणाच्या ताटांतील घास उचलला? कोणाच्याही नाहीं.

२०१३ च्या जुलै महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें धरमवीर सिंग यांच्या दाव्याचा निकाल दिला. हे सिग्नल दलांत सुमारें ९ वर्षें नोकरी करून फेफऱ्याच्या विकारामुळें १९९४ सालीं घरीं पाठविले गेले होते. भरतीच्या वेळीं त्या विकाराची कांहीं नोंद नव्हती. न्यायालयानें ठरविलें कीं, अशा प्रसंगीं विकार नोकरीमुळें आला असेंच गृहीत धरावें. तसें नसल्यास तें सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे. ह्यांतील न्याय साधा आहे. सरकारनें छाती मोजून, डोळे तपासून धडधाकट तरुण घेतला. मोडलेला परत दिला, तर त्याची भरपाई ही भिक्षा नव्हे, देणें होय.

शिवाय संकट गोळीच्याच रूपानें येतें असें नाहीं. सियाचेन येथें १९८४ पासून सैन्य आहे; तेथें शत्रूच्या गोळ्यांपेक्षां थंडी, हिमकडे व विरळ हवा यांनींच अधिक प्राण घेतले. २०१६ च्या फेब्रुवारींत हिमकडा कोसळून १० सैनिक गेले, त्यांत सातारा जिल्ह्यांतील एक शुश्रूषा करणारा शिपाई होता. अपंग शिपायांस धंदे शिकविण्यासाठीं १९१७ सालीं निघालेली क्वीन मेरी संस्था पुण्याजवळ खडकी येथें आहे, आणि १९७४ पासून तेथें कण्याला इजा झालेल्या सैनिकांचें पुनर्वसन केंद्र आहे. तेथील चाकांच्या खुर्च्यांवर युद्धांत जखमी झालेले आहेत, तसे अपघातांत सांपडलेलेही आहेत. दोघांची शुश्रूषा सारखीच होते. बसोर ओहोळाचा नियम तेथें रोज पाळला जातो.

३. खरा दोष व खोटा दोष

परंतु येथें स्पष्ट बोललें पाहिजे. कोणी डॉक्टरांस खोटें सांगून किंवा कागदांत लबाडी करून पैसा मिळविला असेल, तर त्याची टोचणी खरी आहे. तिच्यावर सांत्वनाची पट्टी बांधूं नये. अपंगत्वाच्या पेन्शनींत राहणीमुळें होणाऱ्या आजारांचें प्रमाण किती, हा प्रश्न देशाच्या महालेखापरीक्षकांनीं २०२३ सालीं काढला, तो उगाच नव्हे. अशा मनुष्यानें सत्य सांगावें व चूक सुधारावी. त्यावांचून त्याला शांति नाहीं.

म्हणून प्रत्येकानें स्वतःला विचारावें : मीं खोटें बोललों काय? माझें दुखणें मीं वाढवून सांगितलें काय? उत्तर 'नाहीं' असें असेल, तर ती टोचणी पापाची नव्हे. मग ती कोठून येते? आम्हांस वाटतें, ती बहुधा प्रेमांतून येते. सोबती गेला, मी राहिलों, हें दुःखच दोषाचें वस्त्र पांघरून उभें असतें. दोष फेडावा लागतो. दुःख फेडतां येत नाहीं. मेलेल्या सोबत्याची आठवण ठेवावी, त्याच्या घरच्यांची विचारपूस करावी. स्वतःच्या मुलांस उपाशी ठेवून त्याला कांहीं मिळत नाहीं.

४. उपदेशकानें काय करावें?

अशा बंधूस 'विसरून जा' असें म्हणूं नये. दाविदाप्रमाणें आधीं क्षेमकुशल विचारावें. तुझी गाडी कोणाकडे जात असे, तिच्यांतील अन्न कोण खात असे, हें त्याच्याच तोंडून ऐकावें. सांगतां सांगतां त्याला आपल्या कामाची किंमत कळेल. नोव्हेंबरांत हयातीच्या दाखल्यासाठीं त्याच्याबरोबर बँकेंत जावें. कागदांची अडचण असल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत विचारावें. २१ सप्टेंबर २०२३ पासून सेवा सोडणाऱ्यांस नवे नियम लागू आहेत, हेंही ध्यानांत ठेवावें. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर विलंब न करितां डॉक्टरांकडे न्यावें; प्रार्थना व औषध यांचें वैर नाहीं. तो दान देऊं इच्छील तर आनंदाचें दान घ्यावें, दंड म्हणून आणलेला पैसा मात्र प्रेमानें परत करावा. आणि मंडळींतील आपण सर्वांनीं 'गोळी कोठें लागली?' हा प्रश्न थट्टेंतही विचारूं नये. बसोर ओहोळाजवळ तो ज्यांनीं विचारला, त्यांना शास्त्रानें काय म्हटलें आहे तें वाचून पाहावें.

मनन करण्यासाठीं प्रश्न

१. मागें राहिलेले २०० जण आळशी होते कीं थकलेले? हा भेद आपण आपल्या शेजाऱ्यांविषयीं करितों काय?

२. खरा दोष व सोबत्याविषयींचें दुःख हीं कशीं ओळखावीं?

३. आपल्या गांवीं पेन्शन घेण्यास लाजणारा कोणी असेल, तर ह्या आठवड्यांत त्याच्या घरीं कोण जाईल?