अक्षरमालिका आणि संचिकेचा पत्ता

डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत सिद्ध केलेल्या सी भाषेत अक्षरमालिका हा स्वतंत्र प्रकार नाही. लगतच्या स्मृतिघरांत एकेक अक्षर ठेवावयाचे आणि अखेरीस शून्य मांडावयाचे, एवढाच संकेत. रोमन लिपीत चार अक्षरांचा असलेला 'युनिक्स' हा शब्द म्हणूनच पाच घरे व्यापतो. या पाचव्या घराचा विसर पडणे हा सी भाषेतील जुना रोग आहे.

अवतरणचिन्हांत लिहिलेली मालिका स्थिर समजावयाची असते. तिच्यातील अक्षर बदलू पाहिल्यास काय घडेल, हे भाषेच्या प्रमाणग्रंथाने मुद्दामच अनिश्चित ठेवले आहे. बहुतेक यंत्रांवर ती केवळ वाचनासाठी राखलेल्या स्मृतीत असते आणि आज्ञावली तत्क्षणी कोसळते. चमत्कारिक गोष्ट अशी, की संकलक, म्हणजेच कंपाइलर, सहसा याविषयी आपण होऊन चकार शब्द काढीत नाही. त्याला बोलते करावयाचे तर निर्देशकाच्या घोषणेत 'कॉन्स्ट' हा शब्द घालावा. त्याने अक्षरे स्थिर होतात. निर्देशक मात्र अन्यत्र वळविता येतो. तोही स्थिर हवा असल्यास तारकाचिन्हाच्या उजवीकडे 'कॉन्स्ट' पुन्हा लिहावा लागतो.

संचिकेचा पत्ता आज्ञावलीत दहा ठिकाणी लिहिला, तर संचिका हलविताच दहा ठिकाणी दुरुस्ती करावी लागते, आणि नववी झाल्यावर दहावी राहून जाते. मूळ निर्देशिकेचे नाव 'डिफाइन' आज्ञेने एकदाच सांगावे, हे बरे. १९८९ च्या प्रमाणानुसार शेजारी शेजारी लिहिलेल्या दोन स्थिर मालिका संकलक स्वतःच सांधतो. त्यामुळे त्या नावापुढे संचिकेचे नाव अवतरणांत लिहिले की पूर्ण पत्ता तयार होतो. मूळ नाव निर्देशकात ठेवले असेल, तर मात्र ही सोय मिळत नाही.

युनिक्समध्ये पत्त्याचे भाग सरळ तिरप्या रेघेने विभागतात. एमएस-डॉसमध्ये ती रेघ आज्ञांच्या पर्यायांसाठी आधीच वापरात होती. म्हणून १९८३ मध्ये निर्देशिका आल्या त्या उलट्या रेघेसह. सी भाषेत नेमकी हीच रेघ सांकेतिक आहे: तिच्यापुढे 'एन' आल्यास नवी ओळ, 'टी' आल्यास टॅब. 'न्यू' नावाच्या निर्देशिकेचा पत्ता असा मधेच दुभंगतो. उलटी रेघ दोनदा लिहावी. अथवा सरळ रेघ वापरावी, कारण विंडोजवरही 'एफओपन' ती सामान्यतः स्वीकारते.

आज्ञावली चालू असताना पत्ता जुळवावयाचा झाल्यास धोका वाढतो. 'स्ट्रकॅट' हे फलन समोर जागा किती आहे हे पाहतच नाही. १९८८ च्या नोव्हेंबरात मॉरिस कृमी इंटरनेटवर पसरला, त्याच्या वाटांपैकी एक होती 'गेट्स' या अशाच बेफिकीर फलनाला दिलेली ५१२ घरांची जागा. 'गेट्स' २०११ च्या प्रमाणातून काढून टाकण्यात आले.

१९९९ च्या प्रमाणातील 'एसएनप्रिंटएफ' दिलेल्या जागेपलीकडे लिहीत नाही, उरलेले छाटते. पण छाटलेला पत्ता हाही पत्ताच असतो. 'नोंद१२' चे शेवटचे अक्षर गळाले तर 'नोंद१' उरते, आणि पुसून टाकण्याची आज्ञा त्या निरपराध संचिकेवर चालते. हे फलन शेवटच्या शून्याखेरीज किती अक्षरे लागली असती, ती संख्या परत करते. ती ऋण असेल, अथवा उपलब्ध घरांइतकी किंवा त्याहून अधिक असेल, तर संचिकेला हात न लावता तेथेच थांबावे.