दोन मानपाडे, दोन बहिणी

मी ठाण्याच्या मानपाड्यात राहते, ताई डोंबिवलीला मानपाडा रोडवर. पत्त्यांचा घोळ कुरिअरवाले नेहमी करतात. पन्नाशीला दोघींचे रक्ताचे रिपोर्ट आले, तेव्हा घोळ माझा झाला.

१. बारीक असणं म्हणजे पुण्य नव्हे. मी शिडशिडीत, रोज टिकुजिनीवाडीपर्यंत चालणारी. ताई चांगली गुटगुटीत. तरी माझं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १९८ आणि तिचं ११०! रिपोर्टांची अदलाबदल झाली असणार म्हणून मी लॅबला दोनदा फोन केला. दुसऱ्या वेळी पलीकडची मुलगी हसली.

२. कोलेस्टेरॉल ताटातून येतं त्याहून जास्त आपलं यकृतच बनवतं. रक्तातलं एलडीएल उचलून आत नेणारे हमालही यकृताच्याच पेशींवर असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात, आणि ते शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५चं नोबेल मिळालं. मी मात्र वर्षानुवर्षं ‘कोलेस्टेरॉल फ्री’ छापलेल्या तेलाला चार पैसे जास्त मोजत होते. शेंगदाण्यात ते मुळातच नसतं, हे कोण सांगणार?

३. घराण्यातला आजार टोपणनावानं वावरतो. बाबा शेहेचाळिसाव्या वर्षी हार्टनं गेले. आमच्याकडे त्याचं नाव ‘टेन्शन’. डॉक्टरांनी पहिला प्रश्न बाबांचाच विचारला. एलडीएल असं चढायला आईवडिलांपैकी एकाकडून आलेला सदोष जनुक पुरतो, तो प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी, आणि अडीचशे-तीनशे माणसांत एकाला तो असतो, असं ते म्हणाले. बाबांचं नाक ताईला मिळालं, हे मला.

४. हार्टचं दुखणं पुरुषांचं, असं मीही धरून चालले होते. ह्यांची तपासणी दरवर्षी ऑफिसात व्हायची. माझं रक्त शेवटचं तपासलं ते बाळंतपणात. पाळी असेपर्यंत इस्ट्रोजेन त्या हमालांची संख्या राखतं. पाळी थांबली की एलडीएल चढतं. माझं आधीच चढलेलं होतं, त्यात ही भर.

५. ताईही अगदी सुटली नाही. तिचे ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, २४० निघाले. गोड चहा, दोन वेळचा भात आणि उपासाची साबुदाणा खिचडी. तिनं साखर सोडली, चालायला लागली; तीन महिन्यांत आकडा १६०वर. माझं एलडीएल पथ्यानं जेमतेम हललं, शेवटी गोळीच लागली. गोळी घेणं म्हणजे हरणं, असं आधी वाटायचं. आता चष्म्यासारखी वाटते. चालणं सोडलं नाही. फक्त वाटेत दिसणाऱ्या जाड बायकांबद्दल मत बनवणं सोडलं.

६. लेकीला माझ्या पाटल्या मिळतील, तसा हा जनुकही मिळालेला असू शकतो, हे तिला सांगायचं होतं. ती सव्वीस वर्षांची, बारीक, माझ्याच वळणाची. “तूप कमी खा” म्हणणं सोपं होतं. “रक्त तपासून घे” म्हणताना जीभ अडखळली, जणू काही चूक कबूल करतेय. ती म्हणाली, “पुढच्या शनिवारी नक्की, आई.” तो शनिवार मला चांगला ठाऊक आहे. मीच वीस वर्षं वापरलाय.