पूर ओसरला, पण रंगाची घाई नको

प्रश्न : पुरात आमच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. ठेकेदार आठवड्यात प्लास्टर-रंग करून देतो म्हणतो. काम द्यावं का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : इतक्यात मुळीच देऊ नका. आधी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून वायरिंगच्या इन्सुलेशनची तपासणी, म्हणजे मेगर चाचणी, करून घ्या. तोवर मेन स्विच बंदच ठेवा. विमा असेल तर फोटो काढल्याशिवाय काही फेकू नका. भिंतीचं म्हणाल, तर विटांत मुरलेलं पाणी कोकणच्या दमट हवेत सुकायला कित्येक आठवडे लागतात. त्याआधी रंग दिला की ओल आतच कोंडते, पोपडे सुटतात, लोणा फुटतो. ठोकल्यावर पोकळ वाजणारं प्लास्टर मात्र लगेच काढायला लावा. ओलावा मोजायचं मीटर ठेकेदाराकडे आहे का, विचारा. नसेल, तर दुसरा शोधा.