ऊसतोडणीस जाणाऱ्यांची शिदोरी

बीडहून धाराशिवकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, बालाघाटाच्या पठारावर चौसाळा हे बाजाराचे गाव वसले आहे. दसरा सरला की या टापूतील असंख्य कुटुंबे घरास कुलूप लावून अथवा म्हाताऱ्या माणसांवर घर सोपवून ऊसतोडणीस निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी पुणे-अहिल्यानगरकडे, तर कोणी थेट कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत, म्हणजे सुमारे पाच महिने, त्यांचा मुक्काम पाचटाच्या कोपीत असतो.

या काळात ही माणसे काय खातात, याचा विचार गावपातळीवर क्वचितच केला जातो. तोडणी करणे, मोळ्या बांधणे व त्या डोक्यावरून गाडीत चढविणे हे जड श्रमाचे काम होय. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या प्रमाणानुसार असे श्रम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषास दररोज सुमारे ३,४७० व ५५ किलो वजनाच्या स्त्रीस २,७२० उष्मांक लागतात. शंभर ग्रॅम ज्वारीपासून सुमारे ३३४ उष्मांक मिळतात. एका भाकरीस शंभर ग्रॅम पीठ धरले, तर चार भाकरी खाणाऱ्या स्त्रीच्या पोटात १,३४० उष्मांक जातात, म्हणजे गरजेच्या निम्मेच. प्रथिने ४० ग्रॅमपर्यंत मिळतात, ती ४६ ग्रॅम हवीत. शिवाय ज्वारीच्या प्रथिनांतील उणीव डाळीवाचून भरून निघत नाही. त्याच भाकरीबरोबर दिवसाकाठी मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम, शेंगदाणे व तितकेच डाळीचे पीठ गेले, तर सुमारे साडेचारशे उष्मांक व वीस-बावीस ग्रॅम प्रथिने अधिक मिळतात. उष्मांकांची तूट एवढ्याने पुरती भरत नाही हे खरे. परंतु याहून स्वस्त उपाय दुसरा दिसत नाही.

मग हे होत का नाही? डाळ-भाजी खावी हे या स्त्रियांना ठाऊक नाही, असा पुष्कळ कार्यकर्त्यांचा समज असतो. तो समज सोडून द्यावा. भाकरी पहाटे तीनच्या सुमारास थापावी लागते आणि उजाडण्यापूर्वी फड गाठावा लागतो. रात्री गाडी भरण्यास केव्हा बोलावणे येईल याचा नेम नसतो. पाचट भडकन पेटते व लगेच विझते; त्यावर तुरीची डाळ शिजविण्यास तासभर कोण बसणार? किराणा घ्यावयाचा तो मुकादमाने दिलेल्या खर्चीतून किंवा उधारीवर. त्यातच शेवटी जेवावयाचे ते घरातील स्त्रीने, आणि कालवण संपते तेही तिच्याच वेळी. भूक मारण्यासाठी चहा व मिश्री आहेतच. आहार बिघडतो तो अज्ञानापेक्षा वेळ, सरपण व जेवणाचा क्रम यांमुळे अधिक.

१९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामांवर सुकडी वाटली जात असे, हे वृद्ध मंडळींच्या ध्यानात असेल. ती खाल्ली गेली, कारण ती कामाच्या जागी, तयार व चूल न पेटविता मिळत होती. फडावरच्या शिदोरीची कसोटीही हीच आहे.

म्हणून सर्व तयारी निघण्यापूर्वी गावातच करावयास हवी. दोन माणसांना रोज पन्नास-पन्नास ग्रॅम या हिशेबाने १५० दिवसांस १५ किलो डाळ व १५ किलो शेंगदाणे लागतात. तूर त्या वेळी शेतात उभी असते; परंतु मूग, उडीद व मटकी दिवाळीच्या आत घरात येतात. ती सर्व बाजारात घालण्यापूर्वी एक पोते बाजूस काढून ठेवावे. हुलगे असल्यास फारच उत्तम. भाजून दळलेल्या डाळीचे पिठले दहा मिनिटांत होते, आणि आपल्याकडील येसर तर केवळ उकळत्या पाण्यात कालवावयाचे असते. येसरात डाळीचा भाग वाढवावा. मूग-मटकी रात्री भिजवून फडक्यात बांधून कोपीत टांगली की दुसऱ्या दिवसापर्यंत मोड येतात. शेंगा सालासकट न्याव्यात, त्या टिकतात. बुरशी आलेला दाणा मात्र खाऊ नये, तो विषारी असतो.

आता सोयाबीनविषयी. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या पिकाने खरीप ज्वारी, मूग व उडीद यांची जागा बळकावली. प्रथिनांनी सर्वांत संपन्न असे हे धान्य आपण पिकवितो आणि एक दाणाही न खाता विकतो, ही मोठी विसंगती आहे. सोयाबीन कच्चे दळू नये. वीस मिनिटे उकळून, वाळवून दळावे व नऊ भाग पिठात एक भाग मिसळावे. याहून अधिक घातल्यास भाकरीस वास येतो व मुले ती टाकून देतात.

रक्तपांढरीचा प्रश्न याहून बिकट आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. धान्यातील लोह अंगी लागण्यास आंबट पदार्थाची जोड लागते; लिंबू अथवा आवळा जेवणाबरोबर असावा, आणि चहा जेवणानंतर किमान तासाभराने घ्यावा. फडाच्या कडेस चाकवत, तांदुळजा व घोळ आपोआप उगवतात. मात्र तणनाशक फवारलेल्या उसातील भाजी खुडू नये. मालकास आधी विचारावे. गरोदर स्त्रीने तर निघण्यापूर्वी आरोग्य केंद्रात नाव नोंदवून लोहाच्या गोळ्या बरोबर घ्याव्यात.

घरी ज्वारी पेरणाऱ्याने वाणाचाही विचार करावा. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ साली दिलेल्या ‘परभणी शक्ती’ या खरीप ज्वारीत लोह व जस्त अधिक आहे.

राहिला प्रश्न शिधापत्रिकेचा. कामगार परगावी गेल्यावर त्याचे धान्य बुडते, अशी समजूत अद्याप आहे. वस्तुतः ‘एक देश एक शिधापत्रिका’ योजनेखाली अंगठ्याच्या ठशावर मुक्कामाच्या गावच्या रास्त भाव दुकानातून आपल्या वाट्याचे धान्य उचलता येते व मागे राहिलेल्यांना त्यांचा वाटा गावी मिळतो. कोयत्यांच्या ठशांनी पुष्कळदा अडचण येते, कारण बोटे झिजलेली असतात. यासाठी निघण्यापूर्वी प्रत्येक माणसाचे आधार व ठसा गावच्या दुकानात एकदा तपासून घ्यावा.