नाकाच्या आतील खोल्या

मराठीत नाकावरून किती वाक्प्रचार आहेत पाहा! कोणी उगाच नाक मुरडतो, कोणाच्या नाकावर राग बसलेला असतो, कोणी नाक वर करून चालतो, तर गणित सोडवताना एखाद्याच्या नाकी नऊ येतात. हे सारे बाहेरच्या नाकाविषयी झाले. आरशात दिसते ते नाक म्हणजे घरापुढची ओसरी. खरे घर तिच्या मागे आहे. आज आपण त्या घरात डोकावणार आहोत.

नाकपुड्या वर कपाळाकडे जातात, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. नाकाचा मार्ग सरळ मागे, घशाकडे जातो. जिभेचे टोक टाळूला लावून पाहा. ते तोंडाचे छत आणि तीच नाकाची जमीन. मधोमध एक उभा पडदा आहे. तो पुढच्या बाजूला कूर्चेचा, म्हणून मऊ, आणि मागे हाडाचा असतो. या पडद्याच्या पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे आहे. मुलांचा घोळणा फुटतो तो बहुधा येथूनच. अशा वेळी मान मागे टाकण्याची जुनी पद्धत चुकीची आहे, कारण रक्त घशात उतरते. मान थोडी पुढे झुकवावी, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा-पंधरा मिनिटे घट्ट धरावा आणि तोंडाने श्वास घ्यावा.

दोन्ही बाजूंच्या भिंतींना फळ्यांसारखी तीन-तीन वळलेली हाडे आहेत. त्यांचा आकार शिंपल्यासारखा असतो. त्यांवर ओलसर अस्तर असते आणि त्यात रक्त खेळत असते. जून ते सप्टेंबरच्या हिवाळ्यात क्यूरपीपसारख्या उंचावरच्या गावी सकाळची हवा किती गार असते! तीच हवा या फळ्यांना घासत आत जाते, तेव्हा ऊबदार आणि ओली होते. तोंडाने श्वास घेतला तर एवढी तयारी होत नाही. डोळ्यांतले पाणीही सर्वांत खालच्या फळीखाली उघडणाऱ्या नळीतून नाकात उतरते. म्हणून रडताना नाक वाहते.

एक प्रयोग करा. थंड आरसा नाकाखाली आडवा धरून नाकाने श्वास सोडा. वाफेचे दोन डाग उमटतील, पण बहुधा एक मोठा आणि एक लहान असेल. काही तासांनी पुन्हा पाहा. बऱ्याच जणांच्या बाबतीत लहान-मोठ्याची अदलाबदल झालेली दिसेल. एका बाजूचे अस्तर फुगते, दुसरीकडचे ओसरते, आणि मग उलट होते. नाकाच्या दोन बाजू अशा आळीपाळीने काम करतात.

नाकाच्या छताशी वासाचे स्थान आहे. तेथील हाडाला चाळणीसारखी भोके असून त्यांतून वासाच्या नसांचे बारीक धागे मेंदूकडे जातात. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी वास ओळखणाऱ्या ग्राहकांचा शोध १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सर्दीत पिकलेली लिचीदेखील नुसती गोड पाण्यासारखी लागते. जीभ आपले काम करीत असते, पण वास छतापर्यंत पोहोचत नाही.

आता आतल्या खोल्यांकडे वळू. नाकाभोवतीच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्या आहेत. त्यांना सायनस म्हणतात. ‘मला सायनस आहे’ असे सांगून लोक गोळी मागतात, पण सायनस सर्वांनाच असतात. आजार म्हणजे त्यांना आलेली सूज. या पोकळ्यांच्या चार जोड्या आहेत. एक गालांत, एक भुवयांच्या वर कपाळात, एक दोन्ही डोळ्यांच्या मधे आणि एक अगदी मागे, कवटीच्या तळाशी. डोळ्यांमधली जोडी म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या अनेक छोट्या कप्प्यांचे दोन गट. मागच्या जोडीच्या वरच पीयूषिका ग्रंथी बसलेली आहे. त्या ग्रंथीतली गाठ काढण्यासाठी शल्यविशारद पुष्कळदा नाकातूनच जातात. चार जोड्या म्हणजे आठ, आणि नाक धरले तर नऊ! ‘नाकी नऊ’शी याचा संबंध नाही, पण आकडा लक्षात ठेवायला बरा.

बाळ जन्मते तेव्हा कपाळातली पोकळी जवळजवळ नसतेच. ती हळूहळू तयार होते आणि तारुण्यापर्यंत वाढत राहते. काहींच्या कपाळात ती कधीच होत नाही. तिचा आकार प्रत्येकाचा वेगळा असल्यामुळे क्ष-किरण चित्रांवरून मृत व्यक्तीची ओळखही पटवता येते.

गालातली पोकळी सर्वांत मोठी. लिओनार्दो दा विंची याने १४८९ च्या सुमारास तिचे चित्र काढले होते, पण ते त्या काळी छापले गेले नाही. पुढे १६५१ मध्ये नथॅनिएल हायमोर या इंग्रज वैद्याने आपल्या ग्रंथात तिचे वर्णन केले. त्यात एका बाईची हकिकत आहे. तिचा वरचा दात काढला, तेव्हा दाताच्या जागी भोक राहिले आणि त्यातून सारखा स्राव येऊ लागला. तिने भोकात चांदीची कोरणी घातली, तर ती आतच जात राहिली. मग पिसाची लांब काडी घातली, तीही गेली. काडी मेंदूपर्यंत पोहोचली, असे वाटून बिचारी घाबरून गेली. काडी मात्र गालातल्या पोकळीत गोल वळत होती. वरच्या दाढांची मुळे या पोकळीच्या तळाशी इतकी लागून असतात की सर्दीत दाढा दुखतात आणि मुले दंतवैद्याकडे नेली जातात.

या पोकळीची एक मौज अशी की तिचे दार खाली नसून वर, छताजवळ आहे. मोरीचे भोक भिंतीच्या वरच्या टोकाला ठेवणारा गवंडी तुम्ही पाहिला आहे काय? मग आतला ओलावा बाहेर कसा पडतो? अस्तरावर अतिसूक्ष्म लव असते. ती एका सेकंदात दहाहून अधिक वेळा हलते आणि धूळ-जंतू चिकटलेला द्रव चढणीवरून दाराकडे ढकलते. झोपेतही हे काम थांबत नाही.

सर्दी झाली की अस्तर सुजते. दार मुळातच काही मिलिमीटरचे, ते बंद होते. द्रव आत साठतो, गाल जड होतो आणि खाली वाकल्यावर कपाळ ठणकते. अशा वेळी समुद्रात खोल बुडी मारू नये. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो आणि बंद खोलीत हवा शिरू शकत नाही, म्हणून असह्य कळ येते. आपल्या बेटावर पोहणाऱ्या मुलांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

बहुतेक वेळा ही सूज विषाणूंमुळे येते आणि आठ-दहा दिवसांत ओसरते. त्यासाठी प्रतिजैविके लागत नाहीत. मात्र डोळ्यांमधल्या कप्प्यांची डोळ्याकडील भिंत इतकी पातळ आहे की शरीरशास्त्रज्ञांनी तिला ‘कागदी’ हेच नाव दिले आहे. सर्दीत डोळ्याभोवती सूज आली, एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या किंवा तापाबरोबर डोके फार दुखू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. शाळा बुडेल या भीतीने आई-बाबांपासून हे लपवू नये.

नाक शिंकरताना दोन्ही नाकपुड्या दाबून जोर करू नका, नाहीतर द्रव उलट पोकळ्यांत ढकलला जातो. एक नाकपुडी बंद करा आणि दुसरी हळूच शिंकरा. घरात कोणी मिठाच्या पाण्याने जलनेती करीत असेल, तर पाणी आधी उकळून कोमट होऊ द्यावे. नळाचे पाणी तसेच नाकात घेणे धोक्याचे आहे. पिताना ते पोटात जाते आणि तेथील आम्ल जंतूंशी झगडते. नाकाच्या छताला मात्र चाळणी आहे आणि चाळणीपलीकडे मेंदू.